स्टीअरिंग रॅकचा बूट परत परत फाटतोय? जुना बूट फेकण्याआधी नीट बघा

नवा बूट, म्हणजे रॅकची टोकं झाकणारं रबरी आवरण, बसवला, अलाइनमेंट करून घेतलं आणि काही महिन्यांत बूट पुन्हा फाटला. ही तक्रार आली की बहुतेक जण रबराला दोष देतात आणि आणखी महाग बूट शोधायला निघतात. रबर खराब असू शकतं, नाही असं नाही. पण गाडीबरोबर आलेला पहिला बूट किती वर्षं चालला होता ते आठवा. त्यानंतरचा दुसरा आणि तिसरा बूट लवकर जात असेल, तर त्याला फाडणारं काहीतरी गाडीत तसंच राहिलंय किंवा बसवताना तयार झालंय. ते सापडेपर्यंत बूट बदलत राहण्यात पैसे जातात, आणि दर वेळी थोडं पाणी, थोडी माती रॅकमध्ये जाते. नुकसान खरं तिथे होतं.

रॅक म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा. तिची दांडी हाउसिंगमधून (बाहेरच्या धातूच्या नळीतून) आत-बाहेर सरकते. तिच्या टोकाला आतला बॉल जॉइंट असतो, म्हणजे रॅक एंड. त्यातून टाय रॉड निघतो आणि चाकाच्या नकलपर्यंत, म्हणजे चाक ज्याच्यावर बसून वळतं त्या भागापर्यंत, जातो. दांडीचा उघडा भाग आणि हा जॉइंट झाकायला घड्याघड्यांचा बूट असतो. काही ठिकाणी त्याला बेलो म्हणतात. त्याचं मोठं तोंड हाउसिंगवर पट्टीने आवळलेलं असतं आणि लहान तोंड टाय रॉडवरच्या खाचेत बसतं. स्टीअरिंग वळवलं की एका बाजूचा बूट ताणला जातो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा आवळला जातो. म्हणून एका बुटातल्या हवेला दुसऱ्या बुटात जायला वाट लागते. काही रॅकवर त्यासाठी बाहेरून एक बारीक नळी असते, काहींमध्ये ही वाट हाउसिंगच्या आतूनच असते. या हवेचा विचार फार कमी लोक करतात. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

बूट फाटल्यावर पहिला मार आतल्या बॉल जॉइंटला बसतो. ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो आणि जॉइंटमध्ये खेळ येतो. मग खराब रस्त्यावर टकटक ऐकू येते, सरळ चालताना गाडी भरकटल्यासारखी वाटते, टायर एका कडेने झिजतो. एवढ्यावर थांबलं तर जॉइंट बदलून भागतं. दांडीला गंज चढला तर मात्र गोष्ट मोठी होते. हायड्रॉलिक रॅकमध्ये पिनियनच्या (स्टीअरिंगबरोबर फिरून दांडी सरकवणाऱ्या छोट्या दातचाकाच्या) विरुद्ध बाजूला दांडीचा गुळगुळीत भाग टोकाच्या सीलमधून सरकत असतो. त्यावर गंजाचे बारीक खड्डे पडले की प्रत्येक वळणाला ते सीलची कड खरवडतात आणि तेल गळायला लागतं. पिनियनच्या बाजूला दांडीवर दात असतात, तिथे माती ग्रीसमध्ये मिसळून दात आणि दांडीखालचा आधार घासते. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टीअरिंगची मोटर रॅकवरच बसवलेली असेल तर पाणी बेअरिंग आणि बॉल नटपर्यंत (मोटरचं फिरणं दांडीच्या सरकण्यात बदलणाऱ्या भागापर्यंत) पोचू शकतं. अशा रॅकचा बूट फाटलेला दिसला की पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. तिथे दुरुस्त करण्यासारखं थोडंच असतं. बहुतेक वेळा पूर्ण रॅकच बदलायला सांगतात.

चीर कुठे आहे आणि कशी आहे

जुना बूट काढल्या काढल्या कचऱ्यात टाकू नका. काढण्याआधी जागेवरच त्याचे फोटो घ्या, कारण पीळ पडला असेल तर तो फक्त जागेवरच दिसतो. मग हातात घेऊन प्रत्येक घडी उघडून बघा. चिरा बहुतेक घडीच्या खोलगट भागात लपलेल्या असतात, वरून बूट धडधाकट दिसतो.

घड्या तिरक्या, स्क्रूच्या आट्यांसारख्या झाल्या असतील आणि चीरही तिरकीच असेल तर बुटाला पीळ बसला होता. चीर लहान तोंडाजवळच, गोलाकार असेल तर ते तोंड टाय रॉडवर गंजाने किंवा फार आवळलेल्या पट्टीने चिकटून बसलं होतं. रबर फुगलेलं, मऊ, बोट लावलं तर बोटाला काळं लागणारं असेल तर त्याला तेल लागलंय. ते आतून लागलंय की बाहेरून हे वेगळं शोधावं लागतं. रबर कडक होऊन सगळ्या घड्यांवर बारीक भेगा असतील तर ते वय किंवा उष्णता. फक्त एका बाजूच्या बुटाला आणि तेही एक्झॉस्टकडच्या अंगाला अशा भेगा असतील तर तिथली उष्णतारोधक पत्र्याची ढाल जागेवर आहे का ते बघा. दुरुस्तीच्या वेळी काढलेली ढाल परत न लावल्याचं अनेकदा आढळतं. एकच स्वच्छ, सरळ काप असेल तर दगड, चुकीच्या जागी लावलेला जॅक किंवा बसवताना थ्रेडवर घासलेलं रबर. आणि बूट एका बाजूला फुग्यासारखा फुगून दुसऱ्या बाजूला आत ओढला जात असेल, तर हवेची वाट बंद आहे.

बुटाच्या बाहेर ग्रीस उडालेलं दिसलं तर घाई करू नका. ड्राइव्ह शाफ्टचा बूट जवळच असतो. तो फाटला की फिरत्या जॉइंटमधलं जड काळं ग्रीस चहूकडे उडतं आणि रॅकच्या बुटावर बसतं. अशा वेळी नवा रॅक बूट लावून काही उपयोग नाही, आधी शाफ्टचा बूट बदला. इंजिन ऑइलची गळती वरून बुटावर ठिबकत असेल तर तेच लागू.

पीळ

परत परत फाटणाऱ्या बुटांमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारं कारण पीळ, आणि तो बहुतेक वेळा अलाइनमेंटच्या वेळी बसतो. टो (चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर किती वळलेली आहे तो कोन) जुळवताना लॉक नट (टाय रॉडची लांबी पक्की ठेवणारा नट) सैल करून टाय रॉड त्याच्या अक्षाभोवती फिरवतात. बुटाचं मोठं तोंड हाउसिंगवर पक्कं असतं. लहान तोंड टाय रॉडवर मोकळं फिरत असेल तर काही होत नाही. ते गंजाने, कोरडेपणामुळे किंवा घट्ट पट्टीमुळे चिकटलेलं असेल तर टाय रॉडबरोबर तेही फिरतं. टाय रॉड अर्धा फेरा फिरवला की बुटाचं एक टोक १८० अंश फिरलं आणि दुसरं जागेवर. या अवस्थेत बूट फाटत नाही, म्हणून त्या क्षणी कुणाच्या लक्षात येत नाही. पण आता प्रत्येक वळणाला घड्या सरळ उघडण्याऐवजी एकमेकींवर घासत उघडतात, आणि काही हजार वळणांनंतर चीर पडते. मालकाला वाटतं बूट हलका होता.

यावर उपाय अगदी साधा आहे, पण तो बूट बसवतानाच करावा लागतो. टाय रॉडवर जिथे लहान तोंड बसतं ती खाच तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. गंजाचे पापुद्रे, जुन्या रबराचे तुकडे, सगळं काढा. खाचेत सिलिकोन ग्रीसचा पातळ हात फिरवा. खनिज तेलाचं साधं ग्रीस इथे नको, कारण काही प्रकारचं रबर त्याने फुगतं. लहान तोंडाची क्लिप स्प्रिंगची असेल तर ती लावल्यावरही टाय रॉड बुटाच्या आत हाताने फिरवता आला पाहिजे. प्लॅस्टिकची केबल टाय ओढून घट्ट बांधली तर ते शक्य होत नाही. शिवाय तिची कापलेली कड धारदार राहते आणि उष्णतेने ती कडक होऊन तुटते. घरी पोचेपर्यंतची सोय म्हणून ठीक, कायमची नाही.

मोठं तोंड मात्र पूर्ण कोरडं आणि स्वच्छ हवं. तिथे ग्रीस लागलं तर तोंड हाउसिंगवरून सरकून बाहेर येतं, आणि मग बूट फाटलेला नसूनही रॅक उघडा पडतो.

हवा

हवेची वाट तपासायला मदतनीस घ्या. गाडी स्टँडवर, दोन्ही चाकं उचललेली, स्टीअरिंग मधोमध. एका बाजूचा बूट हाताने दाबा. दुसऱ्याने दुसऱ्या बुटावर हात ठेवावा. वाट मोकळी असेल तर तो बूट किंचित फुगल्याचं हाताला कळतं. दाबलेल्या बुटातूनच हवेचा फुसकारा आला तर चीर तिथेच आहे. बूट दाबायला जड गेला आणि दुसऱ्या बुटावर काहीच जाणवलं नाही तर वाट अडली आहे.

वाट अडण्याची कारणं दोन. बाहेरून नळी असलेल्या रॅकवर बूट बदलताना नळी लावायचीच राहते, दुमडते किंवा चिखलाने बुजते. नळी लावायची राहिली तर बुटाचं नळकांडं उघडं राहतं आणि नवाकोरा बूट पहिल्याच पावसात पाणी आत घेतो. दुसरं कारण चांगल्या हेतूने केलेलं असतं: बुटात ग्रीस ठासून भरणं. ड्राइव्ह शाफ्टच्या बुटात ग्रीस भरायचं असतं, म्हणून इथेही तसंच करतात. रॅकचा बूट हवेसाठी आहे. ग्रीसने भरलेला बूट आवळला जाऊ शकत नाही, आणि ग्रीस पुढे जाऊन हवेची वाटही बुजवतं. बॉल जॉइंटवर आणि दांडीच्या दातांवर निर्मात्याने सांगितलेलं ग्रीस पातळ थरात पुरेसं आहे.

बुटात तेल सापडलं तर

हायड्रॉलिक रॅकच्या बुटाची खालची घडी दाबल्यावर आत द्रव हलल्यासारखं वाटलं तर पट्टी सैल करून खाली भांडं धरा. पाणी निघालं तर चीर शोधा. पॉवर स्टीअरिंगचं तेल निघालं तर रॅकचं सील गेलंय, आणि इथे बूट बदलणं हा इलाज नाही. तेल बुटात साचतं, रबर फुगतं, पट्टीखालून सरकतं, आणि बूट पुन्हा जातो. तेल बाहेर पडावं म्हणून बुटाला खाली भोक पाडणारे लोक आहेत. कृपया हे करू नका. त्या भोकातून तेल जेवढं बाहेर जातं तेवढंच पाणी आत येतं, आणि सील बदलून वाचू शकणारा रॅक दांडीच्या गंजामुळे हातचा जातो. टाकीतली तेलाची पातळी बघा, घटत असेल तर रॅकची दुरुस्ती आधी आणि नवा बूट त्याच वेळी.

बदलताना

काम अवघड नाही, पण ते स्टीअरिंगचं आहे. टाय रॉडचा नट निसटला तर चाक ताब्यात राहत नाही. टॉर्क पाना नसेल किंवा गाडीचे आकडे हाताशी नसतील तर हे काम जाणकाराकडून करून घ्या. तिथे उभं राहून वरच्या गोष्टी बघितल्यात तरी बराच फरक पडेल.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना ठोकळे लावा. जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर ठेवा. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नका. चाक काढल्यावर पहिलं काम म्हणजे लॉक नटची जागा टिपून ठेवणं. नट, थ्रेड आणि टाय रॉड एंड (टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाचा, नकलमध्ये बसणारा बॉल जॉइंट) यांच्यावरून रंगाची एक रेघ ओढा, वर लांबीही मोजून लिहा. मग लॉक नट फक्त पाव फेरा सैल करा. टाय रॉड एंड अजून नकलमध्ये घट्ट असताना हे जमतं, तो सुटल्यावर सगळंच फिरायला लागतं.

स्प्लिट पिन काढून नट सोडवा आणि टाय रॉड एंड ओढून काढायला बॉल जॉइंट पुलर वापरा. दोन बोटांचा काटा ठोकून घातला तर टाय रॉड एंडचा स्वतःचा छोटा डस्ट बूट फाटतो. एक बूट बदलायला घेऊन दुसरा फाडण्यात अर्थ नाही. एंड उघडताना किती फेरे लागले ते मोजा. मग लॉक नट काढा, दोन्ही पट्ट्या सोडवा आणि बूट सरकवून घ्या.

आता थांबा. उघडा पडलेला भाग बघायची संधी पुन्हा लवकर मिळणार नाही. जॉइंट हातात धरून सगळ्या दिशांना हलवा: तो थोडा जड, एकसारखा फिरला पाहिजे. खडखडला, अडखळला किंवा आपल्या वजनाने लटकून पडला तर नवा घ्या. तो सोडवताना दांडी पान्याने धरून ठेवा, नाहीतर सगळा पीळ पिनियनच्या दातांवर येतो. जॉइंट अडकवायला दुमडायची पत्री असेल तर तिची कड नीट ठोकून बसवा. वर आलेली कड आतून बूट कापते, आणि बाहेरून कारण कधीच सापडत नाही. दांडी स्वच्छ पुसून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवा आणि पूर्ण लांबी बघा. नखाला लागणारे खड्डे असतील तर ते पॉलिश पेपरने घासून सपाट करायच्या फंदात पडू नका, घासल्याने दांडीचा व्यास बिघडतो.

नवा बूट जुन्याच्या शेजारी ठेवून तुलना करा. दोन्ही तोंडांचे व्यास, घड्यांची संख्या, लांबी, हवेचं नळकांडं. डावा आणि उजवा वेगळे असू शकतात. सगळ्या गाड्यांना चालतो म्हणून विकला जाणारा कापून बसवायचा बूट मी टाळतो, आणि उभी चीर चिकटवून बसवायचा बूट तर नकोच. तो जोड तेल आणि धूळ असलेल्या जागी फार दिवस धरत नाही. अंदाज असा घ्या: स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर ताणलेल्या बाजूच्या घड्या अगदी सपाट होता कामा नयेत आणि आवळलेल्या बाजूच्या घड्या एकमेकींवर दाबून बसता कामा नयेत.

टाय रॉडच्या थ्रेडवर इन्सुलेशन टेपचा एक पदर गुंडाळा, मग बूट सरकवा. त्यामुळे थ्रेडने लहान तोंड खरवडलं जात नाही. टेप काढा. बूट बसल्यावर स्टीअरिंग मधोमध असतानाच मोठी पट्टी आवळा. मूळ पट्टी कानाची, म्हणजे पकडीने चिमटून आवळायची असेल तर तशीच नवी वापरा, जुनी पुन्हा नीट बसत नाही. स्क्रूची पट्टी चालते, पण तिचं डोकं सबफ्रेमला किंवा ब्रॅकेटला लागणार नाही अशा बाजूला ठेवा, आणि रबर पट्टीच्या कडेने दबून वर येईपर्यंत आवळू नका.

लॉक नट त्याच्या रेघेवर, टाय रॉड एंड मोजलेल्या फेऱ्यांवर. एंडचा नट गाडीच्या माहितीपत्रकातल्या टॉर्कने घट्ट करा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट किंचित पुढे घट्ट करा, मागे सैल करून कधीच जुळवू नका. पिन नेहमी नवी.

अलाइनमेंटला गेल्यावर

रेघ आणि फेरे कितीही नीट जुळवले तरी टो तपासून घ्यावाच लागतो. थ्रेडचा पिच १.५ मिमी आणि स्टीअरिंग आर्म (नकलचा टाय रॉडला जोडलेला हात) साधारण १३० मिमीचा असेल तर एका फेऱ्याच्या चुकीने त्या चाकाचा टो सुमारे ०.६६ अंशांनी बिघडतो. मुभा याहून बरीच कमी असते. एवढ्या चुकीवर टायर दिसण्याइतका लवकर झिजतो.

आणि नव्या बुटाचं बरंवाईट इथेच ठरतं. काम करणाऱ्याला आधीच सांगा: टाय रॉड फिरवण्यापूर्वी लहान तोंडाची क्लिप सरकवून मोकळी करायची, बूट हाताने धरून ठेवायचा, लॉक नट घट्ट झाल्यावर क्लिप परत जागेवर. लॉक नट शेवटी आवळतानाही टाय रॉड थोडा फिरतो, म्हणून तो दुसऱ्या पान्याने धरायला सांगा. गाडी खाली घेण्याआधी टॉर्च मागून स्वतः बघा. सगळ्या घड्यांच्या कडा टाय रॉडला काटकोनात, एकमेकींना समांतर हव्यात. तिरकी घडी दिसली तर तिथल्या तिथे लहान तोंड सैल करून बूट सरळ करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पुढे दर वेळी ऑइल बदलायला गाडी वर घेतली की दोन्ही बाजूंना एक हात फिरवा: स्टीअरिंग आधी एका टोकाला, मग दुसऱ्या, आणि ताणलेल्या बुटाच्या घड्यांत टॉर्च. अंडरबॉडीवर डिझेल किंवा तेल फवारत असाल तर बूट झाकून फवारा, आणि धुताना जोरदार पाण्याचा झोत बुटाच्या तोंडावर थेट मारू नका. क्लिप सरकलेली दिसली तर लगेच जागेवर आणा. इतकं करूनही सहा-आठ महिन्यांत बूट त्याच बाजूला, त्याच जागी फाटला, तर तो काढून परत वरच्या यादीशी ताडून बघा. त्या बाजूचा रॅक एंड, जवळची ढाल, वरून येणारी गळती आणि सस्पेन्शन उंच किंवा खाली केलं असेल तर बदललेला टाय रॉडचा कोन, या चारपैकी काहीतरी पहिल्या वेळी नजरेतून सुटलेलं असतं.